गुणाकारात कंजूष

आमच्या सरांना गुणाकार सहन होत नसे. डिजिटल फिल्टर शिकवण्यात ज्याची अख्खी नोकरी गेली त्या माणसाबद्दल असं म्हणणं म्हणजे आचाऱ्याला विस्तव चालत नाही असं म्हणण्यासारखं आहे, पण होतं ते असंच. बेरीज त्यांना आवडायची. वजाबाकी त्याहून आवडायची. एखादा आकडा नुसता दुप्पट करायचा असला तर त्यांचा चेहरा खुलायचा. गुणाकार आला की मात्र घरात न सांगता पाहुणे आल्यासारखे ते कपाळाला आठी घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हा टाळता येईल का ते आधी बघू."

देवगडच्या मासळीबाजारात मी त्यांना पहिल्यांदा या अवस्थेत पाहिलं. घरी जेवणार होते बरेचजण, म्हणून त्यांना बांगड्यांचे सात वाटे हवे होते. सर मोजत होते, "एक, दोन, चार, आठ. आता आठातलो एक वाटो मागे घे."

मासेवालीने कोयता खाली ठेवला. "मास्तर, तुमी एवढे शिकलात आणि सातचो पाडो येणा नाय तुमका?"

"पाडो येता गो. पण आठ बरो," सर म्हणाले आणि भर बाजारात माझ्याकडे वळून, हातातली पिशवी हलवत, आनंदाने समजावू लागले. यंत्राच्या पोटात आकडा एक घर डावीकडे सरकवला की तो आपोआप दुप्पट होतो. सरकवायला काही खर्च पडत नाही. तीनदा सरकवलं की आठपट. त्यातून मूळ आकडा एकदा वजा केला की सातपट. "बघा मॅडम, गुणाकार झालाच नाही." मासेवाली माझ्याकडे बघून हसली. तिला बहुधा वाटलं असावं, ही पोरगी घाटावरून आलीय, हिला हळूहळू कळेल.

घाटावरून आले होते हे खरं. कोल्हापूरची मी. फोंडाघाट उतरून, दोन लिंबं पिळलेलं पाणी पोटात घेऊन इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाखतीला पोचले होते. सर विभागप्रमुख. समोर माझी सर्टिफिकेटं होती, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. एकच प्रश्न विचारला, "फिल्टरचे गुणांक दोन्ही बाजूंनी सारखे असले तर काय होतं?" मी म्हटलं, "निम्मे गुणाकार वाचतात." सरांनी शिपायाला हाक मारून चहा सांगितला. माझी नेमणूक त्या चहातच झाली.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फिल्टर म्हणजे गाळणी. यंत्रात आवाज शिरतो तो आकड्यांची रांग होऊन. नवा आलेला आकडा आणि त्याच्या मागचे काही आकडे, या प्रत्येकाला एकेका ठरलेल्या गुणांकाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. गुणांक नीट निवडले की हवा तो आवाज उरतो आणि नको तो गळून पडतो. गाळणी जितकी बारीक हवी तितके गुणाकार वाढतात. आणि पुढचा आकडा यायच्या आत हे सगळं उरकावं लागतं, कारण आवाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून कमीत कमी गुणाकारांत तेवढीच बारीक गाळणी बनवणं ही एक कला आहे, आणि या कलेत सर पक्के मुरलेले होते.

एरवी त्यांचा हात सढळ. हापूसच्या दिवसांत त्यांच्या घरून कोणी रिकाम्या हाताने परत जात नसे. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांची कंजुषी फक्त कागदावर. घरात मेले सगळे डबे उघडे टाकतत."

शिकवताना तर सर वर्गात मावायचे नाहीत, अक्षरशः. एके दिवशी त्यांनी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात खुर्च्यांची लांबलचक रांग मांडली आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक विद्यार्थी बसवला. हा जिवंत फिल्टर. एका टोकाकडून चिठ्ठीवर आकडा यायचा आणि तो शेजाऱ्याकडे पुढे पुढे सरकवायचा. दोन टोकांच्या मुलांचे गुणांक सारखे, म्हणून त्यांनी आधी आपापले आकडे ओरडून एकत्र करायचे आणि मग मिळून एकच गुणाकार. "दोन घरांत एकच चूल," सर ओरडत होते. आकडे धावत होते, पोरं ओरडत होती, आवाज ऐकून प्राचार्य आले. सरांनी त्यांचा दंड धरून त्यांना एका रिकाम्या खुर्चीवर बसवलं. "साहेब, तुम्ही शून्य आहात. तुम्ही काहीच करायचं नाही. आकडा आला की पुढे द्यायचा." या प्रकारच्या फिल्टरमध्ये एकाआड एक गुणांक शून्य असतो, आणि सरांच्या मते तीच त्यातली सगळ्यांत सुंदर जागा. प्राचार्य भले गृहस्थ. तास संपेपर्यंत इमानेइतबारे शून्य होऊन बसले आणि उठताना म्हणाले, "मला पहिल्यांदाच हा विषय समजला."

मला आजही तो व्हरांडा आठवला की हसू येतं आणि लगेच ऊर भरून येतो. असं शिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

फिल्टरांची आणखी एक जात आहे. तिच्यात बाहेर पडलेलं उत्तर पुन्हा आत घेतात आणि पुढच्या हिशोबात वापरतात. गुणाकार त्यात फारच कमी लागतात. तेव्हा सरांनी या जातीवर जीव टाकायला हवा होता. पण नाही. "तो उष्टो खाणारो फिल्टर," ते म्हणायचे. "आपलंच ताटातलं परत तोंडात घालतो." तरुणपणी त्यांनी बनवलेला असा एक फिल्टर परीक्षकांसमोर बेफाम झाला होता. आपलंच उत्तर खाऊन खाऊन फुगत गेला आणि स्पीकरमधून अशी काही शिट्टी सुटली की परीक्षक कानात बोटं घालून बाहेर गेले. तेव्हापासून सरांनी ते प्रकरण उघडलं नाही. मी आल्यावर ते कायमचं माझ्या गळ्यात पडलं. मी स्टाफरूममध्ये त्याचं नाव काढलं तरी सर चष्मा पुसायला लागायचे.

आता बुवांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय सर अर्धेच कळतील.

बुवा सरांचे शेजारी आणि शाळेपासूनचे दोस्त. पट्टीचे भजनी बुवा. पेटीवर बसून आधी अभंग, मग गवळण आणि शेवटी गजर चढवायला लागले की देवळातली म्हातारी माणसंही टाळी धरायची. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने गायचं, चिमटे काढायचे, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं. या सामन्यांत बुवांनी भल्याभल्यांना गप्प बसवलं होतं. पण त्यांचा कान गेला. सगळाच गेला नव्हता. घरात बोललेलं कळायचं. देवळात मात्र मागे कोरसवाल्यांच्या झांजा सुरू झाल्या की त्यांना पेटी ऐकू येईना. सूर सुटायचा. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कानात यंत्र बसवून दिलं, त्याने पेटीसोबत झांजाही तितक्याच मोठ्या झाल्या आणि बुवांचं डोकं उठलं.

सप्ताह जवळ आला होता. सात दिवस देवळात भजन अखंड चालायचं आणि शेवटच्या दिवशी दुपारी डबलबारी. समोर आरोंद्याचे एक तरुण बुवा येणार होते, गळ्याने गोड आणि जिभेने तिखट. बुवांनी एका संध्याकाळी सरांच्या पडवीत येऊन सांगून टाकलं, "मास्तरा, ह्या डबलबारीक मी बसणंय नाय. पेटी ऐकाक येणा नाय. लोकांनी हसाच्या आधी उठलेलां बरां."

 बुवा गेल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, झांज वरच्या सुरांत असते. पेटी आणि गळा खाली. मधे एक रेघ मारता आली पाहिजे." त्यांचे डोळे चमकत होते. मला एकदम कळलं की आता आमची झोप गेली.

आमचं यंत्र साधंच होतं. पेटीला आणि बुवांच्या तोंडासमोर एकेक छोटा माइक, मुलांच्या प्रोजेक्टमधून उरलेला, एका डबीत बसवलेला स्वस्तातला बोर्ड, आणि कानात घट्ट बसणारा इयरफोन. बाहेरचा गोंगाट इयरफोन अडवणार, आतला आवाज बोर्ड गाळणार. अडचण एकच, बोर्ड अगदीच गरीब. दोन आकड्यांच्या मधल्या वेळात त्याला फार गुणाकार झेपणारे नव्हते. मी म्हटलं, "सर, मोठा बोर्ड मागवू या, सप्त्याच्या आधी येईल." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चपला घालून आले होते. "सामान कमी करायचं सोडून घर मोठं बांधायला निघालात?"

आणि त्यांनी सामान कमी केलं. काय सुंदर केलं म्हणून सांगू. एक छोटासा फिल्टर घेतला, त्याच्या गुणांकांमध्ये रिकाम्या जागा सोडून तो रबरासारखा ताणला. ताणल्यामुळे गाळणीची कड सुरीसारखी धारदार झाली आणि गुणाकार मात्र होते तेवढेच राहिले. ताणल्यावर वरच्या सुरांत नको तिथे वाटा उघडतात, त्या दुसऱ्या एका लहान फिल्टरने बंद केल्या. दोन्ही फिल्टर सममित, म्हणजे इथेही निम्मे गुणाकार वाचले. गुणांक असे निवडले की बरेचसे नुसत्या सरकवण्यात भागले. गरीब बोर्ड खुशाल चालू लागला. सरांनी मला स्क्रीनवरचा आलेख दाखवला. रेघ सपाट चालत यायची आणि मग कड्यावरून थेट खाली. मी खरोखर टाळ्या वाजवल्या.

बुवांच्या पडवीत सराव ठेवला. पखवाजी आला, झांजवाले आले. बुवांनी कानात इयरफोन घातला, पेटीवर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पेटी आसा," ते म्हणाले. "झांज नाय. पेटी आसा." सरांनी माझा हात दाबला.

मग बुवा गायला लागले आणि दोन ओळींत सगळं बिघडलं. बुवा मागे पडायला लागले. पखवाजी थाप देऊन पुढे जायचा आणि बुवा रेंगाळायचे. पखवाज्याने डोळे वटारले, मग थाप हळू केली, तर बुवा आणखी हळू झाले. शेवटी पखवाजी थांबला. बुवांनी इयरफोन काढला.

"माझोच आवाज माझ्या मागसून येता रे," ते सरांना म्हणाले. "मी थांबलंय काय तो थांबता. कोणतरी मागे बसान माझी नक्कल करता असा वाटता."

सर उभे होते तिथेच राहिले. मला उमगलं ते त्यांना माझ्याआधी उमगलं होतं. ते हळूच म्हणाले, "मधली खुर्ची." व्हरांड्यातल्या त्या रांगेत आकडा मधल्या खुर्चीपर्यंत पोचला की मगच खरं उत्तर बाहेर पडायचं. आणि सरांनी गुणाकार वाचवण्यासाठी रांग ताणून ताणून लांब केली होती. आवाजाला मधल्या खुर्चीपर्यंत चालत जावं लागत होतं. पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ नव्हता तो, पण गाणाऱ्याला तेवढा पुरतो.

बुवांनी डबी सरांच्या हातात दिली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "जाव दे, मास्तरा. तू खूप केलंस. त्या आरोंद्याच्या बुवाक एकट्याकच गाव दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा तास होता. नेमकं तेच उष्ट्या फिल्टरचं प्रकरण. मी फळ्यावर शीर्षक लिहून वळले तर शेवटच्या बाकावर सर बसलेले. दोन्ही बाजूंना त्यांचे विद्यार्थी, अंग चोरून.  मला खडू ठेवून पळून जावंसं वाटलं. पण सरांनी वही उघडली होती आणि पेनाचं टोपण काढलं होतं, म्हणजे शिकवायला हवं होतं.

मी फळ्यावर दोन वाटा काढल्या. आवाज दोन्ही वाटांनी सोडायचा. एकही वाट कुठलाच सूर अडवत नाही, फक्त प्रत्येक सुराला थोडं थोडं मागेपुढे करते. शेवटी दोन्ही वाटांची बेरीज केली की खालचे सूर एकमेकांना धरून उभे राहतात आणि वरचे एकमेकांना खाऊन टाकतात.

सरांनी हात वर केला. "मॅडम, उशीर?"

"फार कमी, सर. रांगच छोटी आहे."

"सगळे सूर एकाच वेळी बाहेर येणार नाहीत."

"नाही येणार. पण कानाला तो फरक कळणार नाही."

"आणि बेफाम झाला तर?"

"या रचनेत नाही होत, सर. गुणांक एकापेक्षा लहान राहिला की पुरे. तो सरकवण्यापुरता ढोबळ केला तरी चालतं."

 मग सरांनी जरा घाबरतच विचारलं, "गुणाकार किती?"

"दोन."

"दोन?"

"दोन, सर."

सर उठले. बाकांमधून चालत आले, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि फळ्यासमोर उभे राहिले. एवढ्या वर्षांचा राग त्यांच्या चेहऱ्यावरून असा उतरत होता की मला त्यांच्याकडे बघवेना. मग वर्गाकडे वळून ते मालवणीतच बोलले, जे ते वर्गात कधी करत नसत. "पोरांनो, मी तुमका ह्यां शिकवूक नाय. ही बाय शिकयता ती नीट लिवून घेवा." आणि डबी घ्यायला ते धावतच लॅबकडे गेले. मी तास कसा संपवला मला आठवत नाही. मी त्यांच्या मागेच धावले असणार.

सप्ताहाच्या शेवटच्या दुपारी देऊळ फुलून गेलं होतं. बुवांना बसायला तयार करायला सरांना एकच वाक्य पुरलं होतं, "एक अभंग गा, नाय जमलो तर मी स्वतः डबी खाडयेत टाकतंय." बुवांनी अभंग सुरू केला. मी पखवाजाकडे बघत होते, सर पखवाज्याच्या हाताकडे. थाप पडली, बुवा बरोबर तिच्यावर. पुन्हा पडली, पुन्हा बरोबर. सूर पेटीला चिकटलेला. सरांनी डोळे मिटले.

आरोंद्याच्या बुवांची पाळी आली. त्यांना कानातली वायर दिसली होतीच. "समोरच्या बुवांच्या कानात वायर कसली ती? काकींचो फोन चालू आसा काय?" देऊळ हसलं.

आमच्या बुवांनी माइक ओढला. "तुमचां गाणां गाळून ऐकतंय. गाळल्यार फारसां काय हातात रवणा नाय." आता देऊळ हसलं ते थांबेचना.

पण समोरचं गाणं पुन्हा सुरू झालं तसे बुवा सरांना खुणेने खांबाआड घेऊन आले. चेहरा पडलेला. "मास्तरा, झांज खंय गेली?"

"काढलंय. तुका नको होती ना?"

"माका कमी होयी होती. आता गजर येतलो. झांजेबगर गजर चढतलो कसो? माका वाटता, देवळात कोणच नाय आणि मी एकटोच गातंय."

 झांज परत आणायची म्हणजे दुसरा फिल्टर, नवे गुणाकार, आणि समोरचे बुवा आता गवळणीवर आले होते. सर मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले.

"मॅडम, शेवटी दोन वाटांची आपण बेरीज करतो. वजाबाकी केली तर?"

मी बोटाने हवेत दोन वाटा काढून पाहिल्या. बेरजेत जे एकमेकांना खातं ते वजाबाकीत उभं राहतं. वरचे सूर. झांज. आम्ही जी बाहेर टाकली होती ती दारातच पडलेली होती.

"झांज मिळते, सर."

"मग ती तीन घरं उजवीकडे सरकवू, म्हणजे आठवा हिस्सा. आणि घालू परत." ते पायरीकडे निघालेसुद्धा होते. "एकपण गुणाकार नाय, गो बाय. एकपण नाय."

देवळाच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मी बोर्डाची वायर धरून बसले होते आणि मला रडायला येत होतं, आनंदाने. डबी बुवांच्या कमरेला परत लागली तेव्हा पखवाजी पखवाजाला कणीक थापून तयार होता.

गजर सुरू झाला. पहिल्या झांजेबरोबर बुवांनी मान वर केली आणि मग त्यांनी जो आवाज लावला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. देऊळ टाळ्यांवर आलं. मी वळून पाहिलं तर शेजारी सर नव्हते. ते कोरसमध्ये जाऊन बसले होते, मांडी घालून, हातात कोणाच्या तरी झांजा. इतके दिवस ज्यांना गाळून टाकायला धडपडले त्याच झांजा ते डोलत डोलत, प्रत्येक वेळी किंचित उशिरा, बडवत होते.

बुवांनी ओळ संपवली. मागे न बघता, पेटीवरचा हात न काढता, माइकमध्ये म्हणाले, "मागे झांज कोणाची ती? उशिरा येता."

सगळ्या देवळाने वळून सरांकडे पाहिलं. सर झांजा उंच धरून हसत होते. त्यांना ऐकू आलं होतं की बुवांना झांज ऐकू आली.